पायाळूचा पाय

मी पायाळू, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. एवढ्यावरून सिंदीतल्या आमच्या आळीनं मला उसणीची डॉक्टरीण करून टाकलं. कुणाच्या पाठीत उसण भरली, छातीत चमक निघाली, की सकाळीच माणूस दारात हजर. पायाळूचा पाय लागला की दुखणं जातं म्हणे. शाळेत शिकवायला लागले तरी सुटका नाही. पाठीला तीनदा पाय लावायचा नि धावतपळत शाळा गाठायची. खरं सांगते, वीट आला होता.

कापूस वेचणीचे दिवस होते. बाबांनी सकाळी कापसाची गाठोडी बैलबंडीत टाकली आणि ओसरीवर येऊन बसले. छातीवर जड वाटतं म्हणाले, डावा हातही आंबला होता. थंडीत अंगाला घाम. मी म्हटलं, ओझं उचललं, उसण भरली असेल. छाती, पाठ दाबून पाहिली तर कुठंच दुखत नव्हतं. उसण असती तर बोट लावताच कळवळले असते. इतक्या पाठी पाहून एवढं तरी मला कळायला हवं होतं! पण शाळेला उशीर होत होता. बापाला पाय लावायचा, म्हणून मी थबकले.

"लाव माय, पाप नाई लागत," बाबा म्हणाले.

पाय लावला, नमस्कार केला आणि निघाले. जाताना त्यांनी बरं वाटतं असं सांगितलं. मला हायसं वाटलं.

दुपारी शाळेत निरोप आला. घरी पोचले तर बाबांना श्वास पुरत नव्हता. शेजाऱ्यांनी कापसाचा ट्रक थांबवला, त्यातून वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी पाहिली नि हृदयाचा झटका सांगितला. दुखणं नेमकं कधीपासून, नीट आठवून सांगा, औषध त्यावरच ठरतं, म्हणाले.

मी तोंड उघडणार तोच बाबांनी माझं मनगट धरलं.

"आत्ता दुपारपासून, साहेब. सकाळी मी चांगला होतो. पोरीले काई माहीत नाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बरोबर ना, विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी बाबा गेले. मी खरं सांगितलं असतं तर ते वाचले असते का, हे कुठल्याही डॉक्टरला विचारायची माझी आजवर हिंमत झाली नाही.