चाळीस किलोमीटर आणि वर थोडं

सायकलच्या दुकानात जुन्या ट्यूबा एकाच खिळ्याला अडकवलेल्या असतात. एक काढायला जावं तर पाच हातात येतात. किश्शांचं तसंच आहे. कोणी पंक्चर काढायला येतं, बाकड्यावर बसतं, विचारतं, "धरणाच्या राउंडला त्या साली काय झालं होतं रे?" आणि मग पंक्चर राहतं बाजूला.

आमचं दुकान जवळा बाजारला. दुकान दादाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं, मिलिंददादाचं. सातवीनंतर मी शाळा सोडली आणि त्याच्या हाताखाली लागलो. दादानं दुकानापुढं गावातले सायकलवाले जमवून शर्यती सुरू केल्या. शर्यतीच्या रस्त्याला आम्ही राउंड म्हणतो. आमचे राउंड तीन. बाजार राउंड, हिंगोली राउंड आणि धरण राउंड. मोबाईलवर परदेशातल्या शर्यती दिसतात, बर्फाचे डोंगर, समुद्राकाठचे रस्ते. दिसू द्या. आमच्या तीन राउंडला तोड नाही, हे मी कुठंही उभा राहून सांगेन.

दादाला जाऊन चार महिने झाले. कावीळ झाली होती. त्यावर मला लिहिता येत नाही. राउंडवर येतं.

*

बाजार राउंड म्हणजे गावाभोवती सात फेऱ्या. एका साली दिवस ठरवताना कोणाच्याच ध्यानात आलं नाही की त्या दिवशी आठवडी बाजार. पहिल्या फेरीला रस्ता मोकळा होता. तिसऱ्या फेरीला शेळ्या आल्या. पाचव्या फेरीला कापसाचा टेम्पो आडवा. सातव्या फेरीला पाहतो, तर शेवटच्या रेघेवर एक म्हातारी मेथीच्या जुड्या मांडून बसलेली.

दादा म्हणाला, "मावशी, जरा सरका. शर्यतीची रेघ हाय इथं."

"रेघ तुझी असल. जागा माझी हाय. तू जन्मायच्या आधीपासून बसते मी."

दादानं वाद घातला नाही. चुना घेतला आणि तिच्या पाटीच्या पुढं नवी रेघ मारली. तेवढ्यात बालाजी आणि सलीम आलेच. बालाजी घरोघर दूध घालतो, सलीमचं वेल्डिंगचं दुकान आहे. दोघं दादाचे लहानपणापासूनचे दोस्त. दोघं चाकाला चाक लावून एकदमच रेघेवर आले, आणि पहिला कोण यावरून भांडण लागलं.

म्हातारी मेथीवर पाणी शिंपडत म्हणाली, "दाढीवाला आधी आला. दुसऱ्यानं माझी जुडी तुडवली, तिथंच मागं पडला."

बालाजीच्या स्पोकमध्ये खरंच मेथीची काडी निघाली. तेव्हापासून बाजार राउंडचा निकाल तीच देते. अजून कोणी तिच्या निकालावर बोललेलं नाही.

*

हिंगोली राउंडची ओळख नाकाला आधी होते. हळदीचा सीझन असला की मोंढ्याच्या बाजाराजवळ हवाच पिवळी असते. तोंड उघडून सायकल मारली की दातसुद्धा पिवळे.

तिथं एकदा गिअरच्या सायकली घेऊन शहरातली पोरं आली होती. हेल्मेट, गॉगल, हातमोजे. आमचा बालाजी दुधाच्याच सायकलवर. मागचं कॅरिअर तर काढलंच नव्हतं, कारण ते सलीमनं असं वेल्डिंग केलेलं की निघतच नव्हतं. एकानं हसत विचारलं, "भाई, ये कौनसी कंपनी की साइकिल है?"

सलीम म्हणाला, "नाम मत पूछ. तेरी वाली टूटेगी तो इसी पे लाद के ले जाएंगे."

शर्यत सुटली आणि गिअरवाले दिसेनासे झाले. बालाजी आपल्या चालीनं. पण त्या राउंडमध्ये रेल्वेचं फाटक लागतं. फाटक पडलं होतं, मालगाडी येऊन राहिली होती, आणि सगळे गिअरवाले तिथं उभे. गाडी लांबलचक. बालाजी मागून आला, घाम पुसला, बिडी पेटवावी का याचा विचार केला, तोवर फाटक उघडलं. थांबलेली पोरं गिअर जुळवत बसली. बालाजीला जुळवायला काहीच नव्हतं. तो निघाला तो दुसरा आला!

दादा म्हणाला, "हिंगोलीच्या राउंडमध्ये रेल्वेपण भाग घेते. ती आपल्या बाजूनं हाय."

बालाजी डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होऊन घरी गेला. त्याच्या बायकोनं दारातच विचारलं, "कोणाच्या हळदीला नाचून आलात?"

*

धरण राउंड दादाचा सगळ्यात लाडका. इथून सिद्धेश्वर धरणापर्यंत जायचं, कालव्याच्या कडेनं फिरून परत यायचं. त्या रस्त्याला चढ नाही, पण वारा आहे. धरणावरून समोरून येतो तेव्हा सायकल जागेवरच उभी राहते. एकदा सलीम कंटाळून खाली उतरला आणि चालायला लागला. चालता चालता त्यानं बालाजीला मागं टाकलं. बालाजी तेव्हा जीव खाऊन पायडल मारून राहिला होता.

हा राउंड दादानं स्वतः मोजला. चाकाच्या एका स्पोकला लाल चिंधी बांधली. चिंधी वर आली की एक. शंभर झाले की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात. चिंचोके आईनं दिले होते.

मोजताना बोलायचं नाही, नाहीतर आकडा चुकतो. रस्त्यात माणसं जयभीम घालून राहिली आणि दादा नुसता हात वर करून पुढं. संध्याकाळी वस्तीतले एक आजोबा घरी आले. आईला म्हणाले, "तुझा मोठा लई मोठा झाला. माणसाला बोलत न्हाई."

आई म्हणाली, "बोलंल उद्या. आज मोजून राहिला."

शेवटचा चिंचोका डाव्या खिशात पडला तो आमच्या दारापुढं. दादानं तिथंच रेघ मारली. "चाळीस किलोमीटर. बराबर." आईचे गुडघे तेव्हाच गेले होते. तिला दुकानापर्यंत चालवत नव्हतं. आता शर्यत तिच्या दारात येऊन संपायला लागली.

*

आईला नुसतं बसून राहवत नाही. तिनं स्वतःला काम लावून घेतलं. जितके गडी निघतील तितके चिंचोके मुठीत घ्यायचे. एक आला की एक डब्यात टाकायचा. आणि नियम केला. मूठ रिकामी झाल्याशिवाय रेघेवरची दोरी सोडायची नाही.

एका साली सगळे आले म्हणून आम्ही दोरी गुंडाळायला लागलो. आई म्हणाली, "थांबा. एक हाय अजून."

बालाजी म्हणाला, "मावशी, तुमचा एक जास्त आला असल."

"चिंचोका माझ्या हातात हाय. तो माणूस कुठं हाय ते तुमी पाहा."

पाहिलं, तर सलीम नाही. कालवा भरून वाहत होता. दादा आणि मी सायकली घेऊन उलटे पळालो. धरणाजवळ सलीमची सायकल बाभळीला टेकलेली. सलीम मच्छीमारांच्या खोपटात बसून तळलेला मासा खाऊन राहिला होता.

दादानं विचारलं, "हे काय?"

सलीम म्हणाला, "वारा लई होता. म्हटलं, पडू दे."

दादानं त्याच्याच ताटातला एक तुकडा खाल्ला. पण पुढच्या सालापासून दादानं नंबरासाठी सायकल मारणं सोडलं. सगळे निघाले की तो शेवटी निघायचा, पंप आणि पाने घेऊन. कोणाची चेन पडली, कोणाचं चाक बसलं, कोणाला चक्कर आली, दादा मागून येतोच. सगळ्यात जोरात सायकल मारणारा माणूस दर साली शेवटचा यायचा. आईच्या मुठीतला शेवटचा चिंचोका त्याचा.

*

यंदा भीमजयंतीच्या आधीच्या रविवारी धरण राउंड घ्यायचा ठरला. आठ दिवस आधी सलीमनं मोबाईल लावून रस्ता मोजला. तीनदा मोजला. दुकानापुढं चाळीस पुरे होतात. आमचं दार त्याच्यापुढं अर्धा किलोमीटर.

सलीम हळूच म्हणाला, "मिलिंद चुकला होता."

माझ्या हातात पाना होता. मी तो फेकला. सलीमला लागला नाही, दुकानाच्या पत्र्याला लागला. पोचा अजून आहे.

"दादा चुकत न्हाई," मी म्हणालो.

बालाजीनं मला धरून बसवलं. "अरे, मोजणीचं सोड. मावशीच्या दारापुढं शर्यत कशी नेणार आता? तिला तकलीफ काहून द्यायची? रेघ दुकानापुढं आण."

दोन दिवसांनी मी रेघ दुकानापुढं मारली. माझ्याच हातानं मारली.

रविवारी सकाळी आई दारात येऊन बसली होती. मला विचारलं, "किती जण?"

मी म्हणालो, "एकवीस. पण आई, या वक्ताला इकडं येणार न्हाईत ते."

तिनं ऐकलं, आणि चिंचोके मोजून मुठीत घेतले.

सहाला सोडलेले गडी आठच्या पुढं परतायला लागले. पहिला बालाजी. त्याच दुधाच्या सायकलवर. मी दुकानापुढं दोरी धरून उभा. तो आला, दोरी छातीनं खाली पाडली, आणि थांबला नाही. मी ओरडलो, "बालाजीभाऊ, झालं! संपलं!" त्यानं मागं पाहिलंसुद्धा नाही. सरळ आमच्या दारापर्यंत गेला. त्याच्या मागून आलेला तसाच गेला. तिसरा तसाच.

नंतर बालाजीला विचारलं तर म्हणतो, "ब्रेक लागला न्हाई."

मी दोरी उचलली आणि त्यांच्या मागं पळालो. दारापुढं दोरी लावली. आई एकेक चिंचोका डब्यात टाकत होती. एकविसावा सलीम आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दोरी सोडायला गेलो, तर आई उठेना. मूठ उघडली. त्यात एक चिंचोका होता.

सलीम म्हणाला, "मावशी, एकवीसच..."

मी घरात गेलो. दादाची सायकल भिंतीवर टांगलेली. तिच्यात हवा होती. दर रविवारी मीच भरत होतो. सायकल उतरवली, पंप घेतला, पाने घेतले आणि धरणाच्या रस्त्याला लागलो.

वारा होताच. दोन जागी उतरून चालावं लागलं. परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोरीचं एक टोक बालाजीच्या हातात होतं, दुसरं सलीमच्या. एकवीसही जण तिथंच उभे होते.

मी दोरीखालून गेलो. आईनं चिंचोका डब्यात टाकला.

"सगळे आले," ती म्हणाली. "सोडा आता दोरी."