मंजुळाची दारं

टेंभी नाक्याला आमच्या घरी मासे आणायची ती मंजुळा. कोलशेतची कोळीण, डोक्यावर पाटी आणि आवाज थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. तिची अशी साठेक दारं होती. एकीच्या दारात दुसरीने पाटी उतरवायची नाही, हा या बायकांचा आपसातला कायदा. त्यामुळे ही दारं हीच तिची मिळकत.

मी तेव्हा कोलशेतच्या एका कारखान्यात कामगार अधिकारी होतो. व्यवस्थापनाचा कोर्स नुकताच केलेला, शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. चौऱ्याऐंशी साली मी मंजुळासकट सात जणींचं मासळी मंडळ काढून दिलं, आमच्या कँटीनची ऑर्डरही मिळवून दिली. पुढे आणखी दोन कारखाने मिळाले. मग मीच सांगितलं, संस्था वाढवायची तर किरकोळ गिऱ्हाईक सोडा, मोठं धरा.

मंजुळा म्हणाली, "भाऊ, दारां सोरली त परत नाय गावाची."

मी सगळ्यांसमोर हसलो. शिकलेला माणूस सांगतोय म्हणून तिने ऐकलं, सगळी दारं दुसऱ्या कोळणींना वाटून टाकली. आमचं दार तिने बाळकुमच्या ठमाबाईला दिलं, स्वतः येऊन घर दाखवलं.

पाच-सहा वर्षं बरी गेली. एक्याण्णवला परकीय चलनाच्या टंचाईत कारखान्यांचा परदेशातून येणारा कच्चा माल अडकला आणि तिन्ही कारखाने एकामागून एक बंद पडले. माझी मुख्य कचेरीत बदली झाली, पगार चालू राहिला. मंडळ मोडलं. त्यांच्या शेवटच्या सभेला मी ताप आल्याचा निरोप पाठवला. ताप वगैरे काही नव्हता.

पुढे एका सकाळी मंजुळा आमच्या घराखालून जाताना दिसली. पाटी भरलेली, पण हाक नाही. मी धावत खाली गेलो.

"मंजुळाबाई, वर चला. आजपासून तुमच्याकडूनच घेऊ."

स्वस्तात सुटू असं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

"हे दार ठमाचं हाय, भाऊ."

"मी सांगतो ना तिला."

"तुमी काय सांगाल? मीच दिलंय." मग तिने विचारलं, "वैनी बऱ्या हायत ना?"

"कुठे निघालात?"

"शीलफाट्याला. तिकरं नवी घरां जाल्यान. कुनाची नायत अजून."

पन्नाशी उलटलेली बाई पुन्हा पहिल्यापासून दारं जोडायला निघाली होती. एक शब्दही ती मला टाकून बोलली नाही, त्याचीच जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ठमाबाईकडून बायकोने कोलंबी घेतली. मी मान खाली घालून जेवलो. मंजुळाच्या साठ दारांतलं एक माझं होतं, आणि तेवढंही मला तिला परत देता आलं नाही.