घोडीसमोर लागलेली डुलकी

घोडी मी विकत घेतली नव्हती. मी फक्त तिच्यासमोर झोपलो होतो.

झालं असं की सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली, आणि रविवारी जेवणानंतर मी खाटेवर पडून मोबाईलवर घोडे बघत होतो. घेण्याची ऐपत नाही आणि बसण्याची हिंमत नाही, पण बघायला कोण अडवतं? एक पांढरी घोडी रिंगणात नाचत होती. ती नाचता नाचता माझा डोळा लागला. मोबाईल छातीवर, घोडी चालू, मी बंद. तो व्हिडिओ संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा होता, त्यामुळे ती बिचारी चार वाजेपर्यंत नाचली. झोपेत माझा अंगठा कधीतरी ‘मला ही घोडी हवी’ या बटणावरही पडला, आणि नाव, नंबर, पत्ता सगळं पुढे गेलं.

आता हे मला काय माहीत? मी म्हसावदच्या शाळेतला कारकून. मोबाईलमागचं मशीन माणसाचं मन ओळखतं, कोण काय घेणार ते आधीच सांगतं, असं पेपरात वाचलं होतं. पण माझं मन ओळखायला कोणी बसलं असेल असं कधी वाटलं नाही. आमची बायको दोन वर्षं घरघंटी मागतेय. गिरणीवर दळणाचा डबा घेऊन जाऊन तिचा खांदा दुखतो. त्याची खबर ना मशीनला लागली ना मला.

सोमवारी मेसेज आला. तो आधी बायकोनं वाचला. ‘उंच, गोरी, डोळे टपोरे, स्वभाव शांत. तुमच्या आठवणीत उभी आहे.’ खाली अनोळखी नंबर. बायकोनं फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन भाजीला फोडणी दिली. ती फोडणी म्हसावदच्या बसस्टँडपर्यंत ऐकू गेली असणार. मी मागे मागे जाऊन घोडीचा फोटो दाखवला, तेव्हा कुठे गॅस बारीक झाला.

मग फोन आला. घोड्यांचा व्यापारी होता. मी भिडेखातर म्हणालो, “बघू.” आमच्याकडे नाही म्हणायचं असलं की ‘बघू’ म्हणतात. पण व्यापाऱ्याला मशीननं आधीच सांगून ठेवलेलं, की हा माणूस घेणार. त्याने ‘बघू’चा अर्थ ‘घेऊन या’ असा केला.

पुढच्या रविवारी, पानं वाढायच्या वेळेला, दारात टेम्पो थांबला. त्यातून फळीवरून टापा वाजवत ती पांढरी घोडी उतरली. मी बनियनवर होतो. अशा घोडीसमोर बनियनवर उभं राहायला फार लाज वाटते.

मी काही बोलायच्या आत बायको तांब्या घेऊन बाहेर. दाराशी नवं जनावर आलं की आमच्यात बाई पायावर पाणी घालते आणि कुंकू लावते, त्याला विचार लागत नाही. तिने पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, गूळ चारला. वर म्हणाली, “ये माय.”

व्यापाऱ्याने हात जोडले. “झालं भाऊ. लक्ष्मीनी कुंकू लायं. आते घोडी तुम्हनी.”

“अहो, पण मला घोडी नकोय,” मी म्हणालो. “बांधू कुठे? अंगणात स्कूटर लावली तर मला तिरपं होऊन घरात शिरावं लागतं.”

त्याने शांतपणे स्वतःचा मोबाईल काढला. “मशीन सांगस, तुम्ही घोडी लेशातच. जिल्हामां एक नंबरना गिऱ्हाईक शेतस तुम्ही. पुरी दुपार एकच घोडी देखी. इतकं कोणी सोतानी बायकोले बी देखत नही.”

हे तो बायकोसमोर म्हणाला. घोडीसुद्धा गूळ खायची थांबली.

“मी झोपलो होतो,” मी म्हणालो.

“सगळा असंच म्हणतस, भाव पाडाले.”

आता काय करावं? कुंकू लागलेली घोडी दारातून हाकलायची तर अपशकुन, आणि ठेवायची तर तिचा हरभरा कोण पुरवणार? शिवाय तो माणूस टेम्पो करून आलेला. बायको म्हणाली, आधी जेवा. भरीत आणि कळण्याची भाकरी होती. व्यापारी पोटभर जेवला. मी चिंतेने जरा जास्तच जेवलो.

जेवण झाल्यावर मी खाटेवर टेकून त्याला समजावू लागलो, की हा व्हिडिओ मी असा लावला होता, मोबाईल असा धरला होता, आणि...

यापुढचं बायकोने सांगितलेलं आहे.

‘आणि’वर मी थांबलो. छातीवर मोबाईल, त्यात तीच घोडी. व्यापाऱ्याला वाटलं, मी विचारात आहे. तेवढ्यात त्याच्या फोनवर टिंग झालं. मशीनचा निरोप : ‘तुमचं गिऱ्हाईक पुन्हा घोडी बघतंय. आत्ताच फोन करा, सौदा पक्का.’ त्या भल्या माणसाने सवयीने फोन लावला. माझ्या छातीवर घंटी वाजली, मोबाईल थरथरला, आणि मी घोरायला लागलो.

बायको म्हणाली, “हाऊ देखा तुम्हना एक नंबरना गिऱ्हाईक.”

व्यापाऱ्याने एकदा माझ्याकडे, एकदा स्वतःच्या फोनकडे बघितलं. मग जो हसत सुटला तो डोळे पुसत अंगणात गेला. “पण ताई, कुंकू?” त्याने विचारलं.

“लेक माहेरी आली, जेवली, चालली,” बायको म्हणाली. आमच्या घरात कित्येक वर्षं इकडून तिकडे फिरणारा एक ब्लाउजपीस तिने घोडीच्या गळ्यात बांधला. व्यापाऱ्यालाही ते पटलं. माहेरी आलेलीला कोणी ठेवून घेत नाही. निघताना म्हणाला, “भाऊले उठाडू नका. उठनात ते अजून एखादी पसंत करतीन.”

टेम्पोच्या आवाजाने मला जाग आली. अंगणात फक्त स्कूटर होती, आणि घोडीने मागे ठेवलेलं थोडं खत. बायको ते कढीपत्त्याच्या बुडाशी घालत होती. मी विचारलं, गेली का? तिने हात झटकले.

“पुढला रविवारले घरघंटीना व्हिडिओ लाईसन झोपा,” ती म्हणाली. “देखूत, दारमां काय येस ते.”