एकाच पक्षाचे दोन मामा

माझे दोन्ही भाऊ अमेरिकेत असतात आणि दोघेही तिथल्या उजव्या पक्षालाच मत देतात. त्यामुळे इकडे कॅनडात, मार्कहॅमला बसून मी त्यांना एकाच माळेचे मणी समजत होते. यंदा दोघं दिवाळीला आले आणि माझा समज तासाभरात खोटा ठरला.

दादा न्यू जर्सीत, गुंतवणुकीच्या कंपनीत वरच्या जागेवर. धाकटा मिशिगनला, मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता. तो कारखाना मेक्सिकोला गेला तेव्हा वर्षभर घरी बसला. भाऊबीजेचं ओवाळून मी तबक खाली ठेवते न ठेवते तोच दोघांची जुंपली.

"चांगला पक्ष होता आमचा, या आरडाओरडा करणाऱ्यांनी पळवला," दादा म्हणाला.

"तुमचाच होता ना? आमची फक्त मतं. कारखाने बाहेर गेले तेव्हा तुम्ही सूटवाले म्हणालात, मार्केट आहे, ॲडजस्ट करा."

विरोधी पक्षाचं कोणी नावही काढलं नाही, याची मला मोठी गंमत वाटली. भाऊबंदकी तिकडच्या राजकारणातही आहे तर! मी चकल्या पुढे सरकवत आणखी खोदून विचारत राहिले. नवऱ्याने डोळे वटारले, पण मला राहवेना.

"बाहेरच्यांचे व्हिसा आधी बंद करायला हवेत," धाकटा म्हणाला.

"तू स्वतः कसा आलास रे?" दादाने विचारलं. मला त्याचंच पटत होतं.

इतक्यात माझी मुलगी धाकट्याकडे वळली. "मामा, आय गॉट अ जॉब इन डेट्रॉइट. सो ते बाहेरचे, दॅट्स मी."

पोरगी पहिल्यांदाच घर सोडणार होती, तेही मिशिगनच्या परक्या गावात एकटी, आणि तिथे जवळचं माणूस हा एकच मामा. हे त्याला निवांतपणे सांगायचं मी ठरवलं होतं.

"काँग्रॅट्स बेटा!" दादा खूश झाला. मग धाकट्याला म्हणाला, "आता बोल."

धाकट्याने हातातली चकली खाली ठेवली. "राहणार कुठे?" त्याने तिला विचारलं.

"डोन्ट नो येट."

"आमच्याकडे. वरची खोली रिकामी करतो. आणि विंटर टायर घालूनच ये."

"अरे, पण व्हिसा?" मी विचारलंच.

"तिचं वेगळं आहे, ताई."

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. दुसऱ्यांच्या मुलींचं वेगळं का नाही, असं म्हणणार होते. आधाराला दादाकडे पाहिलं. तो वाद जिंकल्याच्या आनंदात चकली खात होता. ती राहणार कुठे, हे त्याने विचारलंच नव्हतं.