माशांचा पंखा
सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला बहिणीच्या हळदीची दुपार आठवते आणि डोकं फिरतं. मे महिना, कर्जतचा उकाडा, काचेच्या टाकीतलं पाणी कोमट झालेलं आणि माझे गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडत होते. मी जुन्या कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे चार्जरच्या वायरीला सोल्डर करून टाकीच्या काठावर बसवले. पाण्यावरून वारा फिरला तसं पाणी निवलं आणि मासे खाली जाऊन पोहायला लागले. मोहोपाड्याहून आलेला मामा ते बघून ओरडला, “माशांना पंखा? उद्या बोंबलाला एसी लावशील! कालेजात हेच शिकवलं काय रं?” सगळा मांडव हसला. हळद लावून घरात आलो तर पंखे बंद, त्यांचा प्लग काढलेला आणि तिथे मामाचा मोबाईल चार्जिंगला लावलेला. मासे उलटे तरंगत होते. मी मोबाईल उपटून त्याच्या हातात दिला. “मामा, आता याला वारा घाला, तापला असंल.” मामा पिशवी उचलून निघाला. आईने माझा दंड धरला. “उद्या नवरीला बोहल्यावर कोण आणंल रं? पाया पड त्याच्या.” घरातला पहिला पदवीधर मी, सगळ्यांसमोर वाकलो. आज नव्या टाकीसाठी तसेच पंखे जोडतोय. मामा अजून प्रत्येक लग्नात ती गोष्ट हसत सांगतो. मी वाकलो ते बहिणीसाठी, त्याच्यासाठी नाही, हे त्याला एकदा तोंडावर सांगायचं राहिलंय.