होडीला ऐकू जाईल

आमच्या घरात कुणालाही नावं ठेवायची मुभा होती. आमटीला, सुनेला, पाहुण्यांना, रविवारी फादरांनी लांबवलेल्या प्रवचनाला. होडीला मात्र नाही. होडीत पाणी शिरतं असं कुणी बोललं तर माझे सासरे ताडकन उठायचे. "पानी शिरत नाय. पानी पिते ती. तहान लागते तिला." आणि मग आवाज खाली आणून, "हळू बोल. तिला ऐकू जातं."

मी अर्नाळ्याहून लग्न होऊन पाचूबंदरला आले होते. आमच्याकडेही होडीला जपत, नाही असं नाही, पण माझा बाप आधी तिला चार शिव्या हासडायचा आणि मग पुढच्या टोकावरून, नाळेवरून हात फिरवत माफी मागायचा. सासरी शिवीही नाही आणि माफीही नाही. पाचूबंदरचे सगळेच बाप्ये तसले. होडी म्हणजे घरची लक्ष्मी, असं आमचे हिंदू शेजारी म्हणत. आम्ही ख्रिस्ती, आमच्या नाळेवर क्रूस. पण भीती दोघांचीही सारखीच. वाईट बोललात तर ती ऐकते आणि रुसते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. किनाऱ्यावर एकेक होडी इंजिनाची होत होती आणि आमची अजून शिडाचीच. इंजिनवाले खोल समुद्रात जाऊन भरून यायचे, आम्ही वाऱ्याची वाट बघत बसायचो. आमच्याकडचे खलाशीसुद्धा एकेक करून तिकडे पळाले. उरले सासरे आणि माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा. नवऱ्याचा एक दोस्त गोखिवऱ्याला कड्या-कोयंड्यांच्या कारखान्यात होता. तो कधीचा म्हणत होता, ये इकडे, महिन्याचा पगार, डोक्यावर छप्पर.

एके दिवशी जेवता जेवता नवरा म्हणाला, "बाबा, इंजिन घ्या. नायतर मी चाललो गोखिवऱ्याला."

बाबांचा घास हातातच राहिला. एकट्या म्हाताऱ्यानं होडी ढकलायची म्हटलं तरी ती वाळूतून हलणार नव्हती. मुलगा गेला की होडी गेली, आणि होडी गेली की ह्या माणसानं दिवसभर करायचं काय? ओट्यावर बसून कोळंब्या सोलायच्या? ते म्हणाले, "घेऊ."

घेऊ ठीक आहे, पण कुणाकडून? बाप-लेक किनारा पालथा घालून आले. ज्याला विचारावं, "तुझं इंजिन कसं हाय?" त्याचं एकच उत्तर, "एक नंबर!" कोपऱ्यावरच्या घरी इंजिनाचे सगळे भाग अंगणात गोणपाटावर पसरले होते. तो गडीही म्हणतो, "एक नंबर! जरा धुवायला काढलंय." खरं कोण सांगणार? होड्या पलीकडेच उभ्या होत्या.

मग दोघं मुंबईला, भाऊच्या धक्क्याकडच्या एका मोठ्या दुकानात जाऊन आले. बाबा परतले ते तरंगतच. तिथं डोक्यावर पंखा होता, थंड सरबत होतं, टाय लावलेला माणूस होता आणि त्यानं बाबांना शेठ म्हटलं होतं! सोबत येशूचं चित्र असलेलं कॅलेंडरही दिलं. आम्ही कोण ते त्यानं बरोबर ओळखलं होतं, लबाड मेला.

"गॅरंटीचा कागद केवढा मोठा हाय, बघितलास काय?" बाबा सासूबाईंना म्हणाले. "बंदच पडत नाय म्हणतो ते इंजिन."

"आनि पडलं तर?" आईंनी विचारलं.

"अगं, पडत नाय म्हणतो."

"पन पडलं तर?"

बाबा चिडून बाहेर गेले. आई मला म्हणाल्या, चल, बोंबील साफ करायला बस, मी तुला सांगते. आणि हात चालवता चालवता त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मी हसून हसून लोळायची बाकी राहिले.

गोष्ट साधी होती. होडी बंद पडली की घरचं म्हावरं नाही. पण बाजार थांबत नाही. मग त्या घरची बाई काय करते? दुसऱ्याच्या होडीचं म्हावरं विकत घेते, टोपली भरते आणि बाजार गाठते. बाप्ये काहीही बोलोत, टोपलीतलं कुणाचं ते बायकांना ठाऊक असतं.

"धक्क्याच्या दुकानातून इंजिन घेतलं ना, ती उंच बाय," आई म्हणाल्या, "दिवाळीला माझ्याकडून बोंबील न्यायला लागली ती नाताळ झाला तरी नेतच होती. आनि तिचा घोव काय बोलतो? एक नंबर! चिंचेखालची बघ. ती दोन-तीनदा आली आनि बंद झाली. मग बाजारात बसली ती माझा भाव पाडायला. म्हणजे घरचं म्हावरं सुरू झालेलं."

चिंचेखालच्या घरातलं इंजिन वसई गावातल्या एका पंपवाल्याकडचं होतं. केळीच्या, पानांच्या वाड्यांना पाण्याचे पंप विकणारा माणूस. हल्ली होडीची इंजिनंही ठेवायला लागला होता. आम्ही चौघं त्याच्याकडे गेलो. दुकानात तेलाचा वास, अंधार, आणि एकुलत्या एका खुर्चीवर नटबोल्टांचा ढीग. सरबत कसलं, पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. आमच्या मागून एक वाडीवाला तावातावानं आला. त्याचा पंप पाणी ओढत नव्हता आणि केळी सुकत होत्या. पंपवाल्यानं आम्हाला तसंच उभं ठेवलं आणि आधी त्याचं ऐकून घेतलं. कुठं आवाज येतो, कधीपासून, सगळं. मिस्त्रीला त्याच्याबरोबर धाडूनच दिलं.

बाबा फुरफुरायला लागले. नवं गिऱ्हाईक दारात आणि हा जुन्याशी काय बोलत बसलाय! आईंनी मला चिमटा काढला. "बघ, घेऊन झालेल्याला आधी इचारतो." त्यांचं तिथंच ठरलं होतं.

शेवटी पंपवाले शेठ आमच्याकडे वळले. आईंनी सरळ विचारलं, "तुमचं इंजिन बंद पडतं काय?"

"पडणार," शेठ म्हणाले. "यंत्र आहे ते. पडलं की त्याच दिवशी मला सांगायचं. लपवून ठेवलंत तर माझीही वाट लागेल आणि तुमचीही."

परतीच्या वाटेवर बाबा नुसते धुमसत होते. "अजून घेतलं नाय आनि माझ्या होडीला पनवती लावतो!" पण आमच्याकडे आई एकदा म्हणाल्या की म्हणाल्या. इंजिन पंपवाल्याकडूनच आलं.

काय थाट केला आम्ही त्या दिवशी! फादरांनी पाणी शिंपडलं, झेंडूचा हार, वाटायला फुगे. आमच्या वसईतले तेलात तळलेले फुगे, फुगवायचे नव्हेत! नवऱ्यानं हॅन्डल मारलं, इंजिन टकटकटक करत सुरू झालं आणि शिडाविना होडी निघाली तेव्हा बाबा लहान पोरासारखे टाळ्या वाजवत होते. गोखिवऱ्याचं नाव घरात निघेनासं झालं. मीही मनातल्या मनात मोतमाउलीला मेणबत्ती बोलून घेतली.

नाताळपर्यंत सगळं छान चाललं. मग एक दिवस दोघं शीड लावून परत आले. "वारा मस्त होता," बाबा म्हणाले. "डिझेल कशाला जाळा?" पुढच्या आठवड्यात दुसरी होडी त्यांना दोर बांधून ओढत घेऊन आली. "त्याला सोबत पायजे होती," बाबा म्हणाले. मला हसू आवरेना, पण नवऱ्याचा चेहरा बघून गप्प बसले. आता उलट आईच त्या उंच बाईकडून म्हावरं विकत घ्यायला लागल्या. उंच बाई नुसती गालात हसली. आईंनी घरी येऊन टोपली अशी आपटली की मांजर पळालं.

गॅरंटी होती पावसाळ्यापर्यंत, आणि असं करता करता पावसाळा तोंडावर आला. नवरा म्हणाला, "मी शेठला सांगून येतो."

"काय सांगशील?" बाबा म्हणाले. "काय झालंय तिला?"

"काहीच झालं नाय?"

"काही नाय."

"बरं," नवरा म्हणाला. "मग सोमवारपासून मी गोखिवऱ्याला."

"जा!" बाबा म्हणाले.

दोघंही तसलेच! मला तर दोघांच्या डोक्यात एकेक टोपली घालावीशी वाटली. एकाला होडीची भीती, दुसऱ्याला बापाचा राग, आणि मधल्या मधे घर चाललं मोडायला. दोस्ताला निरोपही गेला. बाबा दिवसभर होडीपाशी बसून राहायला लागले आणि जेवायला हाक मारली तरी येईनात.

होडीची तक्रार आईंच्याही तोंडून निघणं शक्य नव्हतं. पण बाजारात त्यांच्या शेजारी एक वाडीवाली केळी घेऊन बसायची, तिच्या वाडीतला पंप शेठकडचाच. तिच्याकडे त्यांनी शेठसाठी निरोप दिला, रविवारी जेवायला या. बस, एवढंच.

रविवारी मिस्सा आटोपून आम्ही घरी येतो तर दारात स्कूटर. शेठ आणि मागे मिस्त्री, मांडीवर पाना-पेटी. जेवायला पाना-पेटी घेऊन कोण येतं हो? बाबांनी आईंकडे असं बघितलं की मी चुलीआड सरकले. पण पाहुणा तो पाहुणा. दोघं सरंगा ओरपून जेवले आणि मग शेठ म्हणाले, "तांडेल, जरा होडी बघू या."

किनाऱ्यावर मिस्त्रीनं हॅन्डल मारलं. इंजिन थंड होतं, पहिल्या झटक्यात टकटकटक! सुरेख आवाज. बाबांची छाती फुगली. नवरा हाताची घडी घालून लांब उभा होता.

"काय होतंय हिला?" शेठनी विचारलं.

"काही नाय. एक नंबर."

"तांडेल, दुखतं कुठं ते सांगितल्याशिवाय डॉक्टर औषध कसलं देणार?"

बाबांनी होडीकडे बघितलं. शेठही घाई न करता वाळूत उभे राहिले. मी देवाचा धावा करत पलीकडे काठ्यांवर बोंबील वाळत घालत होते. एवढ्यात बाबांनी शेठचं कोपर धरलं आणि त्यांना चालवत पार माझ्या बाजूला, बोंबलांच्या पडद्यामागे आणलं. मी तिथं आहे हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्यांनी मागे वळून होडी किती लांब आहे ते बघितलं आणि शेठच्या कानाला लागले.

"तापतं," ते कुजबुजले. "लांब गेलं की तापतं. बाहेर पानी फेकायचं बंद होतं. जळका वास येतो आनि मरतं."

शेठ हसले नाहीत. त्यांनीही तेवढ्याच हळू विचारलं, "कधीपासून?"

"नाताळानंतर." आणि मग बाबांचा आवाज फुटला. "शेठ, माझा पोऱ्या उद्या चाललाय. एकच हाय मला."

माझ्या हातातला बोंबील तसाच राहिला. शेठनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. पाण्याचा पंप गेलाय, म्हणाले, कंपनीकडून यायला महिना लागेल, तेवढं थांबायला नको. माझ्या दुकानात नवं इंजिन उभं आहे, त्याचा काढून आणतो, कंपनीशी मी बघून घेईन. आणि स्कूटरला लाथ मारून गेलेसुद्धा.

नवरा माझ्याकडे आला. "काय बोलत होते?"

"इंजिन तापतं म्हणाले. पानी फेकत नाय म्हणाले."

"बाबा? तोंडानं?"

"तोंडानं. आनि म्हणाले, पोऱ्या उद्या चाललाय, एकच हाय मला."

 त्यानं समुद्राकडे तोंड वळवलं आणि सदऱ्यानं चेहरा पुसला.

शेठ पंप घेऊन आले, मिस्त्रीनं तो बसवला, तोवर भरती येऊन होडी तरंगायला लागली. लांब नेऊन बघितल्याशिवाय मी घरी जाणार नाही, म्हणत शेठ विजार दुमडून स्वतः होडीत चढले. बाबा सुकाणू धरून बसले होते. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. नवऱ्यानं चपला माझ्यापाशी सोडल्या आणि गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन होडीत चढला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, सुकाणू त्याच्या हाती दिलं आणि पुढे जाऊन बसले.