उस्मानचाचांची राहिलेली दुरुस्ती

रोहिणखेडहून अन्वरचं पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी होत्या... अब्बा गुरुवारी गुजरले, तुम्हाला कळवायला सांगून गेले. कार्ड हातात असताना माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. धाड गावाकडच्या त्या माणसाचा चेहरा ओळखणारं आता कोणी उरलं नाही, हा होता. मग लाज वाटली, आणि त्यानंतर रडू आलं. या क्रमानं झालं म्हणून तसंच लिहितो.

उस्मानचाचा काही गुरांचे डॉक्टर नव्हते. चार एकर शेती, थोड्या बकऱ्या, आणि जनावरांच्या दवापाण्याची त्यांच्या हातची एक वही. पहिल्याच पानावर त्यांनी लिहून ठेवलं होतं की ही वही कोणीही उतरवून न्यावी. मात्र औषधात बदल केला किंवा नवं काही सापडलं, तर परत येऊन इथं लिहावं आणि खाली आपलं नाव घालावं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी माझ्या वडिलांनी ती उतरवून वडनेर भोलजीला आणली. पुढं तिच्यात त्यांनी पुष्कळ भर घातली, काही औषधं बदलली, पण रोहिणखेडला जाऊन एक ओळ लिहिली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्षं गेली, आणि मग जायला तोंड राहिलं नाही. वडील वारल्यावर मी ती वही घेऊन चाचांच्या ओसरीवर गेलो. मी बाजारात मापाडी आहे. दोन तोलांत फरक दिसला की मला चैन पडत नाही. चाचांनी वही उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, “वीस-बावीस वर्सानं माहेरी आली बे माही पोरगी. अन् लेकुरवाळी होऊन आली.”

चाचांच्या वहीत एकशे त्रेचाळीस औषधं होती, आमच्या वहीत एकशे सत्याऐंशी. सत्त्याण्णव दोन्हींत होती, पण त्यातल्या तेरांचं जमत नव्हतं. त्या तेरांवर आम्ही अकरा रविवार घालवले. वडिलांनी जागोजाग गूळ वाढवला होता. “तुह्या बापाले गुळाचा लई शौक,” चाचा म्हणायचे, “बैल बिमार हाय का नवरदेव?” तरी ज्या औषधाला गुण आला असं मी सांगत होतो, ते ते वडिलांच्या नावानिशी घेत. मनात राग ठेवल्याचं मला एकदाही दिसलं नाही. नवी वजनं आली होती, म्हणून दोन्ही वह्या मिळून जी एक होईल तिच्यात सगळं ग्रॅममध्ये लिहावं, असं मीच सुचवलं. ते म्हणाले, “मले ग्रॅम समजत नाई. तू मापाडी, तू लिहशील ते खरं.” त्या वेळी मला ते वाक्य बरं वाटलं होतं.

दोन्ही वह्यांत बरीच मापं ‘पैसाभार’ अशी होती, म्हणजे पैशाच्या वजनाइतकी. मी घरातला तांब्याचा मोठा पैसा सोनाराच्या काट्यावर तोलून घेतला आणि सगळा हिशोब त्यावर केला. एकत्र वही तयार झाली आणि आठ दिवसांत दोघांनी उतरवून नेली. एक चाचांचे शेजारी. दुसरा धाडकडचा, चाळीसेक बकऱ्या असलेला, दुपारभर ओसरीवर वाकून लिहीत बसलेला. नाव-गाव लिहून घेण्याचं काम माझं होतं. एसटी चुकेल म्हणून मी आधीच उठलो. त्याचं मुंडासं तेवढं मला आठवतं.

पुढच्या रविवारी चाचांच्या एका बकरीला जंतांवर मोरचूद द्यायचं होतं. त्यांनी सवयीनं बटव्यातून आपला पैसा काढून एका पारड्यात टाकला. मी दुसऱ्या पारड्यात नव्या वहीतल्या आकड्याइतकी ग्रॅमची वजनं ठेवली. माझं पारडं थाडकन खाली गेलं.

“कोनता पैसा धरला बे तू?”

“मोठा. तांब्याचा.”

त्यांनी आपला पैसा माझ्यापुढं धरला. लढाईत निघालेला, भोकाचा. “मोरचूद म्या लढाईत लिहलं,” ते म्हणाले. “तवा हाच होता...”

मोठा पैसा भोकाच्या पैशाच्या अडीचपट भरतो. वडिलांचा पैसा एक, चाचांचा दुसरा, शब्द एकच. नऊ औषधं चुकली होती. आठांत ओवा, सुंठ असलं होतं, त्यानं काही बिघडत नाही. मोरचूद अडीचपट गेलं तर बकरी जगत नाही.

शेजाऱ्यांची वही तासाभरात दुरुस्त केली. दुसऱ्याचं नाव-गाव हाती नव्हतं, म्हणून धाडचा बाजार येईपर्यंत थांबावं लागलं. बाजारच्या दिवशी आम्ही दोघं दोन एसट्या बदलून गेलो आणि बकऱ्यांच्या बाजारात माणसांची तोंडं पाहत हिंडलो. चहावाल्यानं हटकलं, “काऊन फिरून राह्यले चाचा? बकरी हारपली का?”

“नाई गा. आकडा हारपला.”

तो माणूस मिळाला नाही. त्यानंतर दीड वर्ष, पाय सुजेपर्यंत, चाचांनी धाडचा बाजार चुकवला नाही. मी महिन्यातून एकदा जाई. कुठं कळप मेल्याचं कानावर आलं नाही. म्हणजे त्यानं ते औषध अजून वापरलं नसेल, किंवा वापरून कोणाला सांगितलं नसेल... दोन्ही शक्य आहे, आणि यातलं कोणतं खरं ते मला ठरवता येत नाही.

भेटायला गेलो तेव्हा अन्वरनं वही माझ्या हवाली केली. मोरचुदाच्या पानावर माझा आकडा खोडून चाचांनी बाजूला लिहिलं होतं, ‘चूक उस्मानची. पैसा कोणता ते सांगितलं नाही.’ ती ओळ मी खोडलेली नाही. त्यांच्या हातचं खोडण्याचा मला अधिकार नाही. खाली लिहिलं, ‘विचारायचं काम मापाड्याचं होतं,’ आणि माझं नाव घातलं. वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांत धाडकडचं कोणी असेल, आणि रोहिणखेडहून उतरवलेली ग्रॅममधली वही कोणाकडं असल्याचं त्यांना माहीत असेल, तर त्यातलं मोरचुदाचं औषध पूर्ण खोडायला सांगावं. बाकीचं मी येऊन पाहीन.

मागच्या बाजारी मी एकटाच गेलो. बकऱ्यांच्या बाजाराच्या तोंडाशी, चाचा बसून लोकांना औषधं सांगायचे त्या बाकड्यावर बसलो. पोट फुगलेलं करडू घेऊन एक बाई आली. “चाचाची वही तुमच्यापाशी हाय का?” मी औषध लिहून दिलं आणि नाव-गाव विचारलं.

“माहं का करडाचं?”

“तुमचं.”

तिनं हसत सांगितलं. मी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. मग रस्त्याकडं तोंड करून बसलो. चेहरा मला माहीत नाही. म्हणून शेवटची एसटी लागेपर्यंत, बकऱ्या हाकत येणाऱ्या एकेकाला थांबवून विचारत होतो, “भाऊ, रोहिणखेडले गेले होते का कधी?”